चार स्पेसची हमाली

आज सांगलीच्या मार्केट यार्डात गेलो होतो. तिथल्या एका हळदीच्या अडत्याला तीन वर्षांपूर्वी मीच पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत पट्टीचा (शेतकऱ्याच्या हिशेबाचा) प्रोग्राम करून दिलेला. तक्रार एकच : "हमाली फक्त शेवटच्या लॉटची वजा होतीय, बाकीची आमच्या डोक्यावर."

फाईल उघडली आणि स्वतःचीच लाज वाटली. नावं काय, तर बी, बी२, टेम्प, टेम्प_नवीन. एक ओळ तर स्क्रीन ओलांडून पार मिरजेला पोचलेली. गेल्या महिन्यात घाईत केलेल्या बदलात हमाली वजा करणारी ओळ डावीकडे सरकून लूपच्या, म्हणजे दर लॉटला पुन्हा चालणाऱ्या भागाच्या, बाहेर पडली होती. शोधायला पाऊण तास, दुरुस्तीला चार स्पेस.

सी किंवा जावामध्ये अर्थ महिरपी कंस सांभाळतात, पायथनमध्ये मोकळी जागाच कंस. अर्थात कंसवालेही सुटत नाहीत. 2014 साली ॲपलच्या कोडमध्ये 'गोटू फेल' (थेट शेवटाकडे उडी मार) ही ओळ दोनदा पडल्याचं उघड झालं. दुसरी ओळ 'इफ'च्या (अटीच्या) आत असल्यासारखी दिसायची, पण कंसच नव्हते. सर्व्हरच्या डिजिटल सहीची तपासणी अर्ध्यातच सुटायची.

मग अख्ख्या फाईलवर 'ब्लॅक' हे कोडची मांडणी नीट करणारं टूल चालवलं. 88 अक्षरांपाशी ओळी मोडल्या, कोड माणसात आला. (चूक मात्र त्यानं सापडली नसती, आणि बी२ हे बी२च राहिलं.)

शेजारी दिवाणजींची वही उघडी होती. आकडे एकाखाली एक, खाडाखोड नाही. त्यांनी विचारलं, "एवढा वेळ काय लिहीत होता?"

"काही नाही, जागा सोडली."

आता बिल किती लावू, ते सांगा.