पाठीवरची माउली

2019 च्या डिसेंबरात, मेक्सिकोतल्या पुएब्ला शहराच्या शेजारच्या चोलुला गावी मी ज्या घरात भाड्याने राहत होते, त्या घरच्या आजींनी भिंतीवरची ग्वादालुपेच्या मातेची, म्हणजे तिकडच्या मेरीची, तसबीर उतरवली, ती एका लाकडी चौकटीला दोरीने करकचून बांधली आणि चौकट पाठीला नीट बसते की नाही हे पाहण्यासाठी अंगणात दोन फेऱ्या मारल्या. मग माझ्याकडे पाहून त्या म्हणाल्या, “चलतेस का, मिहा?” मिहा म्हणजे माझी लेक. आजी बाजारातल्या भाजीवाल्या मुलीलाही मिहाच म्हणत, पण परमुलखात अशी हाक आली की माणूस फारसा विचार न करता हो म्हणून बसते.

मोटारींच्या सुट्या भागांच्या कामानिमित्त मी चाकणहून पुएब्लाला आले होते. माझ्या आजोळी ज्ञानोबांच्या पालखीबरोबर पायी जाण्याची रीत आहे. मी स्वतः मात्र आळंदी ते सासवड एवढाच टप्पा दोनदा चाललेली, म्हणजे दिवे घाट चढून घरी परतणाऱ्या हौशी मंडळींपैकी. चोलुलाहून मेक्सिको शहराच्या उत्तरेकडच्या तेपेयाक टेकडीपर्यंतची, म्हणजे या मातेच्या देवालयापर्यंतची, वाट सुमारे 120 किलोमीटरांची आहे आणि ती दोन ज्वालामुखींच्या मधल्या खिंडीतून जाते, हे मला निघण्याच्या आदल्या रात्री कळले. आजींचा नवस होता. नवसाला तिकडे ‘मांदा’ म्हणतात. नातू मोठ्या दुखण्यातून उठला तेव्हा पाच वर्षे पायी येईन असे त्या बोलल्या होत्या आणि हे चौथे वर्ष होते. (पाचव्या वर्षी, 2020 मध्ये, महासाथीमुळे 10 ते 13 डिसेंबर या काळात ते देवालयच बंद ठेवण्यात आले. आजींनी मातेच्या दिवशी, 12 तारखेला, चौकट पाठीला बांधून अंगणातच पहाटेपासून फेऱ्या घातल्या, असे त्यांच्या नातवाने मला फोनवर सांगितले.)

आठ तारखेला, रविवारी पहाटे, आमच्या मोहल्ल्यातली तीसेक माणसे निघाली. पुढे मातेचे निशाण, मागे गोधड्या, गॅसची शेगडी आणि पाण्याचे डबे घेतलेला एक छोटा ट्रक. चोलुला सोडताना डाव्या हाताला जी गवताळ टेकडी दिसते, ती टेकडी नसून पिरॅमिड आहे. आकारमानाने तो जगातला सर्वांत मोठा पिरॅमिड मानला जातो आणि त्याच्या माथ्यावर स्पॅनिशांनी बांधलेले ‘रेमेदिओस’ मातेचे चर्च आहे. 1519 च्या ऑक्टोबरात एर्नान कोर्तेस या स्पॅनिश सेनानीच्या सैन्याने याच गावात हजारो लोकांची कत्तल केली आणि नोव्हेंबरात ते सैन्य खिंड ओलांडून अझ्टेकांच्या राजधानीकडे, तेनोच्तित्लानकडे उतरले. त्या खिंडीला आजही ‘पासो दे कोर्तेस’ म्हणतात. म्हणजे बरोबर पाचशे वर्षे आणि एक महिन्याने आम्ही त्याच वाटेवर होतो. मी हे मोठ्या उत्साहाने आजींना सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि मी जाड मोजे घातले आहेत का, असे विचारले.

पहिला मुक्काम पोपोकातेपेत्लच्या पायथ्याच्या सांतियागो हालित्सिंत्ला गावी पडला. पोपोकातेपेत्ल हा सुमारे 5,400 मीटर उंचीचा जागता ज्वालामुखी आहे. 1994 मध्ये तो दीर्घ झोपेतून उठला आणि तेव्हापासून अधूनमधून धूर आणि राख सोडतो. गावकऱ्यांच्या लेखी तो ‘दोन गोयो’ (‘दोन’ हे तिकडचे मानाचे संबोधन), म्हणजे आपल्याकडच्या बोलीत गोयोबुवा किंवा गोयोराव. दर वर्षी 12 मार्चला ते त्याचा वाढदिवस करतात आणि नवे कपडे, फळे, फुले घेऊन डोंगरावर जातात. दुसऱ्या दिवशी चढताना तो सतत डावीकडे होता, शेंड्यावर कापसाच्या पेळूसारखा धूर धरून; आणि उजवीकडे इस्तासिवात्ल, झोपलेल्या बाईच्या आकाराचा बर्फाळ डोंगर. वाट पाइनच्या रानातून वळणे घेत जाते. खिंड साडेतीन हजार मीटरांहून उंच आहे आणि तिथली हवा विरळ आहे. दिवे घाटाचा माझा अनुभव मी पहिल्या तासाभरातच गुंडाळून ठेवला.

वारीत आपल्याकडे बायका डोक्यावर तुळशीवृंदावन घेतात, तसे इथे बहुतेकांच्या पाठीवर काहीतरी असते. कुणाकडे आजींसारखी तसबीर, कुणाकडे हातभर उंचीची मूर्ती, कुणाकडे तर पुरुषभर उंचीची, दोरांनी आणि पट्ट्यांनी अंगाला आवळलेली. वर्षभर घरात पूजलेली मूर्ती देवालयातल्या मूळ चित्राला भेटवून परत आणायची, ही कल्पना. आमच्याबरोबर एक निवृत्त शिक्षक होते, ज्यांची आजी नावात्ल, म्हणजे अझ्टेकांची भाषा, बोलत असे. हुआन दिएगो या आदिवासी शेतकऱ्याला 1531 च्या डिसेंबरात तेपेयाकवर मातेचे दर्शन झाले, ही कथा ज्या नावात्ल वृत्तांतात आहे आणि जो 1649 मध्ये छापला गेला, त्यातले उतारेच्या उतारे त्यांना पाठ होते. माता त्याला बिशपकडे जाऊन देऊळ बांधायला सांग असे म्हणते. बिशप विश्वास ठेवत नाही. तेव्हा तो परत येऊन विनवतो की कुणीतरी मोठा, मानाचा माणूस पाठव, मी कोण? मी तर ‘मेकापाली’ आहे, मी ‘काकाश्त्ली’ आहे. शिक्षकांनी चढावरच थांबून मला अर्थ सांगितला. मेकापाली म्हणजे ओझे पेलताना कपाळावर घ्यायचा पट्टा आणि काकाश्त्ली म्हणजे पाठीवर ओझे बांधायची लाकडी चौकट. मी हमाल आहे असे तो म्हणत नाही. मी हमालाची चौकट आहे, म्हणतो. पुढे दहा पावलांवर आजी चालल्या होत्या आणि मला त्यांच्या पाठीवरची चौकट दिसत होती.

खिंडीतली रात्र मी कधी विसरणार नाही, पण तिच्याबद्दल लिहिण्यासारखे थोडेच आहे: थंडी शून्याखाली गेली, शेकोटीभोवती सगळे दाटीवाटीने बसले आणि मातीच्या मडक्यात दालचिनी आणि काकवीसारख्या काळ्या गुळात उकळलेली कॉफी कुणीतरी सारखी हातात देत राहिले. शिक्षकांच्या बोलण्यामुळेच मी जागी राहिले. तेपेयाकवर स्पॅनिशांच्या आधीपासून एका मातृदेवतेचे ठाणे होते, असे बेर्नार्दिनो दे साआगुन या फ्रान्सिस्कन साधूने 1576 च्या सुमारास लिहून ठेवले आहे. लोक तिला तोनान्त्सिन म्हणत; आता मेरीलाही तेच नाव देतात आणि पूर्वीसारखेच वीस-वीस लेग्वा दूरवरून याच टेकडीवर येतात, हे संशयास्पद आहे, अशी त्याची तक्रार होती. वीस लेग्वा म्हणजे शंभर किलोमीटरांहून थोडे अधिक. आमचे अंतर जवळजवळ तेवढेच.

तोनान्त्सिन या शब्दात ‘तो’ म्हणजे आमची, ‘नान’ म्हणजे आई आणि शेवटचा ‘त्सिन’ हा आदर आणि लाड एकाच वेळी दाखवणारा प्रत्यय. शिक्षकांना याचे नेमके भाषांतर स्पॅनिशमध्ये करता येईना. आदर धरला की लाड सुटतो, लाड धरला की आदर. मला मात्र ते क्षणात समजले, कारण ज्ञानदेवाचे ज्ञानोबा, तुकारामाचे तुकोबा आणि विठ्ठलाचा विठोबा करणारा आपला ‘बा’ दुसरे काय करतो? त्या वृत्तांतात माता प्रथम हाक मारते तीही ‘हुआन्त्सिन, हुआन दिएगोत्सिन’ अशी. स्वर्गातली राणी एका गरीब शेतकऱ्याला बहुमानाने हाक मारते, आणि तो तिला उत्तर देताना ‘माझ्या धाकट्या लेकी’ म्हणतो. एकीकडून आई, दुसरीकडून लेक. देवाला माउली म्हणणाऱ्या आणि वाटेवरच्या अनोळखी माणसालाही माउलीच म्हणणाऱ्या मुलखातून आलेल्या मला यात काही नवल वाटले नाही, एवढे मात्र शिक्षकांना नवल वाटले.

हे दर्शन खरोखर घडले का, यावर मेक्सिकोत जुना वाद आहे. ज्या बिशपसमोर, हुआन दे सुमारागासमोर, हुआन दिएगोच्या अंगवस्त्रावर देवालयातले ते चित्र उमटले असे सांगतात, त्याच्या उपलब्ध लिखाणात या घटनेचा उल्लेख नाही. 1883 मध्ये इतिहासकार हुआकिन गार्सिया इकासबाल्सेता याने, स्वतः श्रद्धाळू कॅथलिक असूनही, आर्चबिशपला पत्र लिहून आपली शंका मांडली. 1996 मध्ये तर ग्वादालुपेच्या देवालयाच्या मठाधिपतीनेच हुआन दिएगो ही ऐतिहासिक व्यक्ती नव्हे असे म्हटल्यावर गदारोळ झाला आणि त्याला पद सोडावे लागले. 2002 मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी हुआन दिएगोला संत घोषित केले. मला स्वतःला शंका घेणाऱ्यांचा युक्तिवाद अधिक पटतो. शेकोटीपाशी तसे बोललेही. शिक्षक म्हणाले, असेल. पण या वाटेवर माणसे मात्र आहेत.

दहा तारखेला आम्ही आमेकामेकाकडे उतरलो. उताराने गुडघे अधिक दुखतात, हे जुने सत्य मी नव्याने शिकले. याच उतारावर एक पिवळट कुत्रा आमच्यामागे लागला आणि शेवटपर्यंत राहिला. दर वर्षी असे कितीतरी कुत्रे यात्रेकरूंच्या मागे तेपेयाकपर्यंत येतात. माणसे बसने घरी जातात आणि कुत्रे तिथेच बेवारस होतात. रस्त्याच्या कडेला फोमचे पेले आणि प्लॅस्टिकच्या बाटल्यांचा जो थर साचला होता, तोही भक्तांचाच. पालखी गेल्यानंतरचा पुणे-सासवड रस्ता ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे निराळे सांगायला नको. (कुत्रा ट्रकमधून चोलुलाला आला. आजींनी त्याचे नाव ‘पेरेग्रिनो’, म्हणजे यात्रेकरू, असे ठेवले.)

चाल्कोनंतर रान संपते आणि शहर सुरू होते, आणि खरी वारी मला तिथे भेटली. इग्नासिओ सारागोसा या हमरस्त्याच्या दोन्ही बाजूंना लोकांनी घरातली टेबले आणून मांडली होती. मक्याच्या पानात उकडलेले तामाल, जे आपल्या पानगीचे दूरचे नातलग म्हणावे असे. आतोले, म्हणजे मक्याच्या पिठाची गरम गोड पेज. भात, संत्री, पायाला चोळायचे मलम. पैसे कुणी घेत नव्हते, आणि नको म्हटले तर त्यांचा चेहरा पडत होता. एका बाईने मला रस्त्यात बसवून माझ्या टाचेवरचा फोड धुतला आणि पट्टी बांधली. मी कुठली, असे तिने विचारले. भारत म्हटल्यावर तिने शेजारणीला हाक मारून ही बातमी दिली आणि मला आणखी एक तामाल वाढला.

मागून सायकलींचे थवे येत होते, मशाल हातोहात देत धावणाऱ्या मुलांची पथके येत होती, आणि दर थोड्या वेळाने कुणीतरी ओरडे, “ग्वादालुपेच्या मातेचा विजय असो!” त्यापाठोपाठ “मेक्सिकोचा विजय असो!” ही दुसरी घोषणा पहिलीला नुसती चिकटलेली नाही. 1810 च्या सप्टेंबरात मिगेल इदाल्गो या पाद्र्याने स्पेनविरुद्ध उठाव केला तेव्हा आतोतोनिल्कोच्या चर्चमधून याच मातेचे चित्र उचलून त्याने ते निशाण केले. राजनिष्ठ स्पॅनिशांनी उत्तरादाखल रेमेदिओस मातेला आपल्या बाजूची सेनापती नेमले. दोन्ही बाजूंनी मेरीच, आणि युद्ध. 1914 मध्ये जमिनीसाठी लढणारे, क्रांतिकारक सापाताचे शेतकरी राजधानीत शिरले तेव्हा त्यांच्या टोप्यांना ग्वादालुपेची चित्रे खोचलेली होती. आमच्या पुढे चाललेल्या पोराच्या टोपीलाही होते, पण ते बॅटरीवर चमकणारे.

तेपेयाकला पोचलो तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. बाराला बाराच्या ठोक्याला मातेसाठी वाढदिवसाचे गाणे म्हणतात, ते आम्हाला दूरवरूनच ऐकू आले. शेवटच्या रस्त्यावर कित्येक जण गुडघ्यांवर चालत होते आणि त्यांचे नातेवाईक त्यांच्यापुढे गोधडी अंथरत, मागची उचलून पुन्हा पुढे अंथरत. पटांगणात पिसांचे मुकुट घातलेले नर्तक नाचत होते, त्यांच्या घोट्यांना बांधलेल्या बियांच्या चाळांचा आवाज पावसासारखा येत होता आणि कोपालचा, म्हणजे तिकडच्या उदाचा, धूर सगळ्यांवर पसरला होता. 1709 मध्ये पूर्ण झालेले जुने देवालय एकेकाळच्या सरोवराच्या मऊ तळावर उभे असल्याने एका अंगाला कललेले आहे. शेजारचे नवे, गोलाकार, सुमारे 10,000 माणसे मावणारे देवालय पेद्रो रामिरेस वास्केस यांनी रचले आणि ते 1976 मध्ये खुले झाले. प्रथमदर्शनी ते मला क्रीडासंकुलासारखे वाटले. आजींसमोर तसे बोलले नाही.

त्याच्या दारावर सोन्याच्या अक्षरांत मातेचे वाक्य आहे: तुझी आई असलेली मी इथे नाही का? शिक्षकांनी त्याची मागची गोष्ट सांगितली. हुआन दिएगोचा काका साथीत मरणपंथाला लागला होता. पाद्र्याला बोलवायला निघालेला हुआन दिएगो, ती भेटली तर खोळंबा होईल म्हणून, टेकडीच्या दुसऱ्या बाजूने तिला चुकवून जाऊ पाहत होता. ती खाली उतरून आडवी आली आणि मग हे म्हणाली.

चित्रासमोर थांबता येत नाही. खाली सरकते पट्टे बसवले आहेत. त्यांवर उभे राहायचे आणि अर्ध्या मिनिटात पुढे जायचे. शेवटच्या दोन तासांत आजींचा खांदा सुजला होता, म्हणून चौकट तेव्हा माझ्या पाठीवर होती. पट्ट्यावर पाऊल ठेवताच आजींनी माझे दोन्ही दंड धरून मला उलटे फिरवले. “पाठ कर, मिहा,” त्या म्हणाल्या, “हिला तिकडे बघू दे.” तेव्हा माझ्या पाठीवरची माता वरच्या मातेकडे पाहत गेली आणि मी मागून येणाऱ्यांचे चेहरे पाहत गेले: वर तोंड केलेले, ओले, राखेने आणि झोपेने काळवंडलेले, आणि त्यातल्या एकानेही माझ्याकडे पाहिले नाही. पट्टा संपला, मला मागून धक्का बसला, आणि मी वळून वर पाहीपर्यंत आमच्या जागी दुसरी दिंडी आलेली होती.