माळेगावच्या जत्रेत: घोडा देवाचा, बोकड मणीचा

लोह्याच्या पुढं एसटी जी थांबली ती हललीच नाही. कंडक्टर म्हणाले, "उतरा आन् चालू लागा, माळेगाव काय लांब ऱ्हायलं न्हाई." मार्गशीर्ष वद्य चतुर्दशी, खंडोबाच्या देवस्वारीचा दिवस. माणसं आणि जनावरं एकाच दिशेनं चाललेली. आमच्या पुढं एक पांढरा घोडा होता, कपाळावर भंडारा फासलेला. मागून एक बाबा काळाकुळकुळीत बोकड ओढत येत होते, त्याच्याही कपाळावर भंडारा. घोडा देवाला दाखवून परत जाणार होता. बोकड जाणार नव्हता.

लहानपणी मी मामांसोबत इथं बैल बघायला यायचो. या वेळी नांदेडचा माझा मित्र सोबत होता, आणि आदल्या रात्री त्याच्या घरी निघालेला विषय डोक्यात घोळत होता. मटण आणायला आम्ही दोघं गेलो तेव्हा एका दुकानावर 'हलाल' अशी पाटी होती, दुसऱ्यावर 'झटका', म्हणजे एका घावात मान उडवलेलं. हुजूर साहिब या शिखांच्या मोठ्या गुरुद्वाऱ्याचं हे शहर. शीख रहत मर्यादेत हलाल केलेलं मांस, ज्याला ते कुठ्ठा म्हणतात, वर्ज्य आहे; अमृत घेतलेल्यासाठी ती चार मोठ्या बंधनांपैकी एक. बोकड त्याच जातीचा, त्याच बाजारातला, पण मान कशी कापली यावर तो एका घरात अन्न ठरतो, दुसऱ्या घरात नाही. आमच्या लातूरकडच्या गावात मात्र बकरं खंडोबाचं असो की मरीआईचं, सुरी चालवायला मुलाणीच यायचे. पिराच्या कंदुरीला तर अर्धं गाव पंगतीत बसायचं, आणि कापताना कोणते शब्द म्हटले हे कुणाच्या मनातही यायचं नाही.

जेवताना मित्राच्या आईंनी सहज चान्यांची आठवण काढली. "आता कुणी करत न्हाई बाबा. आमच्या सासूबाई वलणीवर वाळू घालायच्या. कावळ्याला हाकलायचं काम माझ्याकडं." गुराढोरांच्या मांसाच्या लांब पट्ट्या कापायच्या, मीठ लावून दोरीवर कडक वाळवायच्या आणि गाडग्यात भरून ठेवायच्या. पावसाळ्यात हाताला काम नसलं की त्याच निखाऱ्यावर भाजायच्या, नाहीतर पातळ कालवणात टाकायच्या. गावात मेलेलं जनावर ओढून नेणं हे वतनातलं काम होतं, आणि ते मांस हा त्या कामाचा मोबदला. 1927 साली महाडला बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचं मांस खाणं सोडा असं बजावलं. आपल्या लोकांनी भुकेपोटी स्वीकारलेलं अन्नच त्यांच्या अपमानाचं कारण केलं जातंय, हे त्यांना दिसत होतं.

मित्र तेव्हा काहीच बोलला नाही. नंतर गच्चीवर म्हणाला, "शाळेत मी डबा झाकून खायचो. कुणी विचारलं तर बटाट्याची भाजी म्हणायचो." आमची मैत्री वीस वर्षांची. त्यानं हे पहिल्यांदा सांगितलं, आणि मीही कधी विचारलं नव्हतं, याचं मला फार वाईट वाटलं.

माळेगावात शिरलो की आधी लागतो घोड्यांचा बाजार. पुढं कुत्री. लांब पायांची, खोल छातीची कारवानी जातीची कुत्री खाटेला बांधलेली, त्यांच्या अंगावर मालकांनी स्वतःची शाल टाकलेली. थंडी खरंच होती. घोडा आणि कुत्रा ही दोन्ही खंडोबाची जनावरं. जुन्या काळचे वाघ्ये तर स्वतःला देवाचं कुत्रं म्हणवून भुंकत यायचे आणि कोटंब्यातलं, म्हणजे भिक्षेच्या भांड्यातलं, खायचे. कुत्र्याचं मांस हा विषय इथं उच्चारायलाही जीभ रेटत नाही. तिकडं नागालँडमध्ये 2020 साली सरकारनं कुत्र्याच्या मांसाच्या विक्रीवर बंदी घातली आणि 2023 साली न्यायालयानं ती रद्द केली. तिथल्या काही समाजांचं ते जुनं अन्न आहे. कझाकस्तानात घोड्याचं मांस पाहुण्यापुढं मानानं ठेवतात. युरोपात मात्र 732 च्या सुमारास पोप तिसरे ग्रेगरी यांनी ते निषिद्ध ठरवलं, आणि पॅरिसमध्ये घोड्याच्या मांसाची दुकानं कायद्यानं उघडली ती थेट 1866 साली.

देवळाबाहेर एक वाघ्या मणी-मल्ल या दैत्यांची कथा सांगत होते. हरलेला मणी देवाला शरण येतो, आपला पांढरा घोडा देवाला देऊन टाकतो, आणि वर मागतो: तुझ्या प्रत्येक ठाण्यात मला जागा दे आणि मला बोकडाचं मांस मिळू दे. देव तथास्तु म्हणतो. ही कथा मी कितीदा ऐकलीय, पण रस्त्यात ती दोन जनावरं मागं-पुढं पाहिल्यावर पहिल्यांदा कान टवकारले. एकाच वरदानात घोडा वाहन झाला आणि बोकड नैवेद्य. देवाला स्वतःला चंपाषष्ठीला भरीत-रोडगा पुरतो.

गाढवांच्या बाजारात गर्दी कमी होती. माती, विटा, वाळू वाहायला गाढव लागायचं, आता ट्रॅक्टर आलेत. 2012 च्या पशुगणनेत देशात सव्वातीन लाखांच्या आसपास गाढवं होती, 2019 ला ती सव्वा लाखाच्या घरात आली. आंध्रच्या किनारपट्टीत काही भागांत गाढवाचं मांस खाल्लं जातं, ताकद येते या समजुतीनं. आपल्या अन्नसुरक्षेच्या नियमांत कत्तलीसाठी चालणाऱ्या जनावरांमध्ये शेळी, मेंढी, डुक्कर, गाय-म्हैसवर्ग, कोंबड्या आणि मासे येतात. गाढव, घोडा, उंट, कुत्रा त्यात नाहीत. एका विक्रेत्याला विचारलं, घेणारे कुठले असतात? ते दोरी गुंडाळत म्हणाले, "पैसा देणारा कुठला ते आमी इचारत न्हाई. आमच्यातलं कुणी ह्याला हात लावणार न्हाई, जलमभर ओझं वाह्यलंय त्यानं."

काम केलेल्याला खायचं नाही. बैलांकडं वळल्यावर हीच गोष्ट दहापट मोठी होऊन समोर आली. लाल कंधारी, देवणी. शिंगांना रंग, गळ्यात घुंगरमाळा. व्यवहार रुमालाखाली बोटं दाबूनच चाललेले. मामा सांगायचे, 72 च्या दुष्काळात ज्यांनी बैलजोडी जगवली त्यांचीच पेरणी पुढच्या मिरगाला वेळेवर झाली. काळ्या रानाला बैलाशिवाय हात लावता येत नव्हता. भुकेच्या वर्षी बैल कापून खाल्ला असता तर पुढचं वर्षही उपाशीच गेलं असतं. मार्विन हॅरिस या मानववंशशास्त्रज्ञांनी हाच हिशोब मांडला होता: गायीला जपायचं, कारण ती बैल देते, शेण देते, आणि माणसाला नको असलेल्या कडब्या-भुसावर जगते. मला हे बरंचसं पटतं. शेळीचंही तसंच आहे. जिल्ह्याचं नाव धाराशिव झालं, पण उस्मानाबादी शेळी अजून उस्मानाबादीच आहे: काळी, काटक, बऱ्याचदा जुळी करडं देणारी. बाभळीच्या शेंगा, बोरीचा पाला, काटेरी झुडपं, जे आपल्याला आणि बैलाला नको ते ती खाते. नांगराला जुंपता येत नाही असा बोकड घरात ठेवून करायचं काय? डुक्कर गवतावर जगत नाही, दूध देत नाही, ओझं ओढत नाही, ऊन सोसत नाही. गावकुसाबाहेर आपण टाकलेल्या घाणीवर ते जगतं आणि त्या घाणीचा कलंक त्याच्या मांसाला लागतो. ते पाळणाऱ्या माणसांनाही लागतो. पण रानडुकराची गोष्ट निघाली की तीच माणसं डोळे चमकवून बोलतात. कायद्याची भीती असते, किळस नसते.

बैलाच्या हिशोबाची दुसरी बाजू मला सोडवत नाही. राज्यात 1976 च्या कायद्यानं गोहत्या बंद होती. मार्च 2015 मध्ये सुधारित कायदा लागू झाला आणि बैल, वळूही त्यात आले. म्हैस-रेड्याला ती बंदी लागू नाही. नेमका तेव्हाच आपल्याकडं ओळीनं दुष्काळ पडत होता. 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं. माणसालाच पाणी नव्हतं, तिथं म्हाताऱ्या बैलाला कोण पाजणार? आमच्या चुलत्यांनी त्या वर्षी एक थकलेला बैल तीन बाजार हिंडवला. घ्यायला कुणी पुढं आलं नाही. शेवटी तो दावणीलाच गेला. चुलते त्याच्यासाठी रडले, आणि चाऱ्याला काढलेलं कर्जही त्यांनीच फेडलं. श्रद्धा सगळ्यांची असते, दावण मात्र एकाच्याच अंगणात असते. मोठ्या आवाजात बोलणाऱ्यांना हे दिसावं असं मला फार वाटतं.

अंधार पडता पडता पालांपुढं चुली पेटल्या. रस्त्यात बोकड ओढत आलेले बाबा भेटले, जळकोटकडचे. "पाव्हणं, जेवल्याबिगर जायचं न्हाई," म्हणून त्यांनी बसवलंच. त्यांच्या सूनबाई काळ्या मसाल्याचा रस्सा ढवळत होत्या. चव त्यांनी स्वतः घेतली नाही. मार्गशीर्षातले गुरुवार धरलेले, महिना संपायला एक दिवस बाकी. पळी दिराच्या हातावर ओतून म्हणाल्या, "मीठ बघा वो जरा." मीठ अगदी बरोबर होतं. न चाखता हे कसं जमतं ते त्यांनाच ठाऊक.

नवस नातवाचा होता, आजारातून उठल्याचा. मी बाबांना म्हटलं, बोकड देखणा होता, घरचाच का?

"घरचा न्हाई." बाबा भाकरी चुरत होते. "घरचा ह्या पोरानंच वाढविला व्हता. आईची शेळी मेली, तर बाटलीनं दूध पाजून. पोराच्या मागं मागं शाळंपतुर जायचा. नवस बोलला तवा तोच ठरविला व्हता. पर पोरगं जेवंना, बोलंना. मग हाळीच्या बाजारात तेला इकला आन् तेच पैशात हा घेतला."

"म्हणजे तो कुणीतरी..."

"खाल्लाच असंल की कुणीतरी," बाबा म्हणाले. "पर आमी न्हाई."

नातू त्यांच्या मांडीला टेकून नळी फोडत होता, तोंडाला रस्सा लागलेला. हॅरिस यांचा हिशोब त्या ताटाशी संपत होता. दोन्ही बोकड काळे, उमरही सारखीच. फक्त एक त्याच्या मागं शाळेपर्यंत आला होता.

दुसऱ्या दिवशी येळवस. मार्गशीर्ष अमावस्या आली की आमचा भाग रिकामा होऊन रानात जातो, त्यामुळं पहाटेची गाडी धरून अहमदपूरमार्गे गाव गाठलं. आईनं फोनवरच सांगितलं होतं, "जत्रंतलं खाऊन आलाव, आधी अंगावरून पाणी घ्या, मग कोपीत या." आई माळकरी. आम्ही दोघांनी मोटरीच्या धारेखाली आंघोळ केली, दात वाजत होते.

कडब्याच्या कोपीत पाच पांडव मांडलेले, पूजा झालेली. भावानं बैलांना निवद चारला. मग पंगत: हिरव्या तुरीच्या, वालाच्या, हरभऱ्याच्या दाण्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, आणि बिंदग्यातली आंबील. मित्र आमच्या रानात पहिल्यांदाच आला होता. आईनं त्याला तीनदा वाढलं, त्याच्या घरी न्यायला डबा भरायला घेतला आणि विचारलं, "तुझ्या आईला काय आवडतं रे?"

त्यानं माझ्याकडं पाहिलं. मग आईकडं वळून म्हणाला, "चान्या."

"म्हंजी काय?"

त्यानं सांगितलं, सगळं. ढोर ओढणं, वलणीवरच्या पट्ट्या, कावळे, गाडगं, झाकून खाल्लेला डबा. आईचा हात माळेवर होता. भज्जीचा डबा मांडीवर तसाच उघडा. सांगून झाल्यावर तीही थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "पावसाळ्यात किडा लागत नसंल का रे तेला?"

"लागत नाही," तो म्हणाला. "मीठ भरपूर लावतात."