आमची वाटचाल, आणि ते तीन स्ट्राइक

तासगाव तालुक्यात ‘पोरगा कॉमेडी करतो’ असं कळलं की सोयरीक मोडते. आमची फर्म त्याच धंद्यावर, यूट्यूबवरच्या विनोदी व्हिडिओंवर, उभी आहे, उद्यम नोंदणीसकट.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, नेट फुकट झालं आणि पारावरचा प्रत्येक जण मोबाइलात डोकं घालून बसला. बघणारे तयार होते, आपल्या बोलीत दाखवणारे कमी. मी आणि माझा दोस्त (आता कागदोपत्री निम्मा भागीदार, कामात निम्म्याहून जास्त) त्याच्या गोठ्यात उभे राहिलो. तो सासू, मी सून. लुगडं त्याच्या आईचं.

फोनबद्दल सांगण्यासारखं काही नाही, माइकबद्दल आहे. बोया एमवन. सहा मीटर वायर पदराआडून आत घ्यायची आणि निऱ्यांमधून खाली सोडायची, म्हणजे सासू धावली तरी फ्रेममध्ये वायर येत नाही. वायरीतल्या डबीवरचं बटण ‘कॅमेरा’कडे राहिलं की आतला एलआर४४ सेल उतरतो, फोनवर त्याची गरजही नसते. म्हणून भागीदारानं बटणावर चिकटपट्टीच मारली. वारा सुटला की बोंडावर मोज्याचा तुकडा. आता वायरलेस संच आहे, पण सासूला अजून तोच माइक लागतो. नवी पोरं आधी गिंबल (फोन हलू न देणारा दांडा) घेतात. घेऊ नका. चित्र हललं तर माणूस सोसतो, आवाज फाटला की पुढं सरकवतो.

कमाईचे दहा डॉलर झाले की ॲडसेन्सचं (व्हिडिओवरच्या जाहिरातींचे पैसे देणारी गूगलची सेवा) पत्ता पडताळायच्या पिनचं पत्र टपालानं येतं. आमचं परदेशी पाकीट बघून पोस्टमननं ते थेट सरपंचांच्या हातात दिलं होतं. पण शंभर डॉलर साठेपर्यंत पैसे सुटत नाहीत, आणि चूल रोज पेटवावी लागते. ती पेटली अण्णांमुळं. त्यांचं बाजारपेठेत भांड्यांचं दुकान. पहिली जाहिरात त्यांचीच: अर्धे पैसे रोख, अर्ध्याचा कुकर. अट एकच, सासूनं भांडं फेकून मारायचं, पण भांड्याला पोचा दिसता कामा नये.

मधली वर्षं बरी गेली. मग आलं २०२१.

शेजारच्या तालुक्यातलं एक पेज आमचे व्हिडिओ लोगो कापून, चित्र उलटं करून स्वतःच्या नावानं टाकत होतं. फोन केला तर म्हणे, “भावा, पसरतंय तर आनंद मान.” आम्ही तक्रार केली, त्याचे दोन व्हिडिओ उतरले. आठवड्याच्या आत त्यानं आमच्याच मूळ व्हिडिओंवर चोरीचे दावे ठोकले. अशा दाव्यानं व्हिडिओ उतरला की यूट्यूब चॅनलला एक स्ट्राइक, म्हणजे ताकीद, देतं. एक, दोन, तीन. नव्वद दिवसांत तीन स्ट्राइक म्हणजे चॅनल साफ; पार्टनर चॅनलला (ज्याला जाहिरातीतला वाटा मिळतो) तेवढी सात दिवसांची मुदत. तोंडावर दिवाळी. दोन दुकानदार आगाऊ परत मागायला दारात. अण्णा तेवढे म्हणाले, “चॅनल गेलं तर माझ्या दुकानातल्या टीव्हीवर लावू. तुम्ही जाहिरात करा.”

भागीदारानं प्रत्येक टेकची कच्ची क्लिप तारखेनिशी हार्ड डिस्कवर ठेवली होती. त्या जोरावर मुदतीच्या आत उलट नोटीस, म्हणजे ‘दावा चुकीचा, व्हिडिओ आमचाच’ असा लेखी जबाब, यूट्यूबकडं भरली. तिच्यात आपलं खरं नाव-पत्ता द्यावा लागतो आणि तो समोरच्याकडं जातो. घरचे घाबरले, भागीदाराच्या आईनं आठवडाभर कडी घालून ठेवली. (पत्ता ऑफिसचा द्या, घरचा नको. आणि कच्च्या क्लिपा उडवू नका, फोन भरला तर डिस्क घ्या.) मग दावा करणाऱ्याला कामकाजाच्या दहा दिवसांत कोर्टात गेल्याचा पुरावा द्यावा लागतो. कोर्टात दाखवायला त्याच्याकडं होतं काय? कापलेला लोगो? व्हिडिओ परत आले, स्ट्राइक उठले. दिवाळी मात्र गेली ती गेलीच, आणि त्याच्या पेजला आजही आमच्यापेक्षा जास्त लोक बघतात. हे लिहितानाही हात आवळतो.

मध्यंतरी एका लग्नात भेटला. खांद्यावर हात टाकून म्हणाला, “मागचं सोडा, एक कोलॅब करू.” भागीदारानं पंगतीतच रेट सांगितला, सगळे पैसे आगाऊ. अजून फोन आलेला नाही.