खुर्चीआधी माणसाचं माप घ्या

कोल्हापूरला चाकाची खुर्ची नवी नाही. स्वतः खुर्चीवरून वावरणाऱ्या नसीमा हुरजूक यांनी १९८४ साली इथेच हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही अपंगांसाठीची संस्था उभी केली. आणि उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव इथल्या कारखान्यांतल्या हातांना माप शिकवायची गरज नाही. तरीही मणक्याला इजा होऊन कमरेखालची संवेदना गेलेला माणूस घरी येतो तो बहुतेक वेळा १८ इंची फोल्डिंग खुर्चीवर, मग त्याच्या कुल्ल्यांची रुंदी १४ इंच असो की १७. ही खुर्ची नीट बसवणं हे फिटरचंच काम आहे. फक्त सोबत फिजिओथेरपिस्ट हवा, कारण कुठला सांधा किती वाकतो हे टेप सांगत नाही.

माप घ्यायला माणसाला सपाट बाकड्यावर बसवा, मागून कुणीतरी धरा. दोन्ही कुल्ल्यांना प्लायचे तुकडे उभे टेकवा आणि मधलं अंतर मोजा. त्यात एकूण २.५ सेंमी मिळवलं की बैठकीची रुंदी आली. कुल्ल्याच्या मागच्या टोकापासून गुडघ्याच्या खोबणीपर्यंत मोजून ५ सेंमी वजा केले की खोली. खोली जास्त झाली तर कड पोटरीला टोचते, मग माणूस पुढे घसरतो आणि सगळा भार माकडहाडावर येतो. रुंदी जास्त झाली तर तो एका बाजूला कलतो आणि एकाच बाजूचं बसायचं हाड दाबलं जातं. दुखलं असतं तर तो सरकून बसला असता. त्याला कळतच नाही, आणि जखम तिथेच सुरू होते.

रुंद खुर्ची अरुंद करायला खालचे फुलीसारखे क्रॉस पाइप कापू नका. त्यांची लांबी बदलली की बैठकीची उंची बदलते आणि घडीही नीट बसत नाही. त्यापेक्षा दोन्ही बाजूंना प्लाय आणि फोमच्या गाद्या बसवा.

रेक्झिनची बैठक काही महिन्यांत झोळीसारखी लोंबते. मांड्या आत ओढल्या जातात, गुडघे एकमेकांवर घासतात. उपाय स्वस्त आहे: १२ मिमी प्लायची फळी, कडा गोल केलेली, लोखंडी पट्टीच्या आकड्यांनी बाजूच्या पाइपवर अडकवायची. तिच्यावर गादी हवीच. नुसत्या प्लायवर कुणालाही बसवू नका. गादीत खाली कडक फोम ५ सेंमी, वर मऊ ५ सेंमी. कव्हर ताणणाऱ्या कापडाचं शिवा. घट्ट रेक्झिन ताणून शिवलं तर माणूस फोममध्ये बुडतच नाही, वर तरंगतो, आणि खालचा चांगला फोम वाया जातो. माणूस बसल्यावर हाडाखाली हात घालून पाहा: हाड आणि फळी यांच्यामध्ये दाबलेला फोम निदान २.५ सेंमी उरला पाहिजे. ट्यूबसारखी गोल भोकाची गादी तर नकोच, ती कडेने रक्तपुरवठा दाबते.

फळी आणि गादी टाकली की माणूस ८-१० सेंमी वर जातो, हे बऱ्याचदा विसरलं जातं. पाय लोंबकळतात, हात ठेवायचे दांडे खाली राहतात, चाकाची कडी हातापासून दूर जाते. म्हणून पायपट्टीचं माप सगळ्यात शेवटी घ्यायचं. मांडी पूर्ण लांबीत गादीला टेकली पाहिजे. पायपट्टी जास्त वर असेल तर गुडघे वर येतात आणि भार पुन्हा हाडांवर जातो. पट्टीचं तळ जमिनीपासून ५ सेंमी तरी वर ठेवा, नाहीतर पहिल्याच खड्ड्यात अडकेल.

मागच्या चाकाचा आस पुढे घेतला की खुर्ची ढकलायला हलकी होते, पण मागे उलटण्याची भीतीही तेवढीच वाढते. एका वेळी १ सेंमी सरकवा, मागे टेकू लावा आणि चढावर तपासून बघा. हात कडीच्या वरच्या टोकावर ठेवल्यावर कोपराचा कोन १०० ते १२० अंश असावा. यासाठी फ्रेमच्या पातळ पाइपला भोक पाडू नका, तो तिथेच चिरतो. क्लॅम्प वापरा. क्रोम केलेल्या पाइपवर वेल्डिंग करायचं झालंच तर मुलामा आधी घासून काढा आणि त्या धुरापासूनही जपा. काम झालं की प्रत्येक कडेवरून बोट फिरवा. लेथवर बर, म्हणजे कडेला उरलेली धारदार कोर, राहिली तर फार तर कास्टिंग परत येतं. इथे ती बधिर पायाची कातडी सोलते, आणि ते रात्री कपडे बदलताना कळतं.

हवेकडेही लक्ष हवं. टायर मऊ पडलं की ब्रेक टायरला नीट टेकत नाही, आणि पलंगावर सरकताना खुर्ची मागे पळते.

घराच्या रॅम्पला १:१२ उतार धरा. पुराच्या भीतीने बांधलेलं दीड फुटाचं जोतं असेल तर १८ फूट लांबी लागते. गल्लीत सरळ जागा मिळत नाही, मग वळण द्या आणि वळणावर दीड मीटरचा सपाट टप्पा ठेवा. दोन्ही कडांना ठोकळा हवा, नाहीतर पुढचं चाक खाली उतरतं. आपल्या पावसाळ्यात चेकर्ड प्लेटवर, म्हणजे उठावाच्या नक्षीच्या लोखंडी पत्र्यावर, शेवाळ धरतं, म्हणून सिमेंट ओलं असतानाच खराट्याने आडव्या रेषा ओढून ठेवा.

बसवलेल्या खुर्चीवर पहिल्या दिवशी अर्धाच तास बसवा. मग आरशाने कातडी बघा. सावळ्या कातडीवर लाली सहज दिसत नाही, म्हणून गरमपणा, कडकपणा, गडद डाग हातानेही चाचपा. डाग अर्ध्या तासात गेला नाही तर तो जाईपर्यंत त्या जागेवर भार नको, आणि माप पुन्हा पहिल्यापासून, बाकड्यावरून.