दोन ठग आणि दुसरी सही

आमच्या गोव्यातल्या यंदाच्या जत्रेसाठी मी जे दोन अंकी नाटक लिहीत आहे, त्यात एकमेकांच्या पोटावर पाय देणारे दोन ठग, एक पुरुष आणि एक स्त्री, पळता पळता प्रेमात पडतात. तालमीच्या मंडळींना गाण्यांची चिंता आहे. मला मात्र वेगळाच प्रश्न छळतो आहे: ज्यांची उपजीविकाच खोट्या जिव्हाळ्यावर चालते, त्यांनी खरा जिव्हाळा ओळखावा कसा? गोडीगुलाबी, शपथा, वेळेवर येणारे अश्रू हे दोघांच्याही धंद्याचे भांडवल. त्यामुळे प्रेमाचा पुरावा संवादांत मिळणे शक्य नव्हते, तो मी कागदावर शोधला.

दोघांचा धंदा मला दूर शोधावा लागला नाही. परदेशी गेलेल्यांच्या बंद घरांवर आणि जमिनींवर पोर्तुगीजकालीन बनावट दस्तऐवजांच्या आधारे डल्ला मारण्याची प्रकरणे इतकी वाढली, की गोवा सरकारला 2022 मध्ये विशेष तपास पथक नेमावे लागले. माझे दोघे सासष्टीतले एकच बंद घर एकाच गिऱ्हाईकाला दोन वेगवेगळ्या नावांनी विकायला जातात, तिथेच त्यांचे बिंग फुटते आणि नाइलाजाने एकाच स्कूटरवरून पळावे लागते. ती भाड्याची, म्हणजे काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेली, आणि अशी गाडी पोलिसांनी अडवली नाही तरच नवल. म्हणून ती टाकून दोघे रायबंदरहून चोडणच्या फेरीबोटीत चालत चढतात, कारण तिथे पायी प्रवाशाला तिकीट नाही आणि नावही कोणी विचारत नाही.

पेडण्यात त्याचे वडिलार्जित घर आहे. मोपाचा विमानतळ 2023 च्या जानेवारीत सुरू झाल्यापासून तिकडच्या जमिनीवर सर्वांचाच डोळा आहे, तिचाही आहेच. आता 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेल्या आमच्या कायद्यानुसार, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर दोघांची मालमत्ता सामाईक होते आणि घर विकायचे तर नवराबायको दोघांच्याही सह्या लागतात. त्याला तिने दडवलेली रोकड हवी, तिला अर्धे घर, आणि दोघेही समोरच्याला गंडवत असल्याच्या समाधानात लग्नासाठी नोंदणी कार्यालयाची पायरी चढतात.

माझा सर्वांत आवडता प्रवेश तिथला आहे. पोलिसांकडे दोघांची खोटी नावेच असल्यामुळे लपण्यासाठी खऱ्या नावाइतकी सुरक्षित जागा उरलेली नसते. दोघे आपापले जन्मदाखले मेजावर ठेवतात. तो तिचा दाखला कारकुनाच्या आधी ओढून घेतो, वाचतो आणि एवढेच म्हणतो, "डिचोलीची तू? मला तर तू कारवारची म्हणून सांगितलं होतंस." ती उत्तर देत नाही, कारण तिची नजर त्याच्या दाखल्यावरच्या आईच्या नावावर खिळलेली असते, ही आई वारली, असे सांगून त्याने तिच्याकडूनही एकदा पैसे काढलेले असतात.

पहिली सही होते. आमच्याकडे लग्न एका सहीत पुरे होत नाही. मध्ये काही दिवस जातात आणि मग दुसरी सही. दुसरा अंक या दिवसांचाच आहे. पळायला दोघेही मोकळे, वाटा दोघांनाही ठाऊक, आणि त्या घरात त्याची आई जिवंत. दिग्दर्शकाला शेवटी वरात हवी आहे. मी त्याला दुसऱ्या सहीपर्यंतचेच लिहून देणार आहे. तिने आधी पेन उचलायचे की त्याने, यावर आमचे अजून एकमत झालेले नाही.