वादळाच्या आदल्या दिवशी बार्बाडोस

टी-२० वर्ल्ड कपच्या फायनलच्या दुसऱ्या दिवशी आमच्या ग्रुपमध्ये एकाचाही घसा धड नव्हता. २९ जून २०२४ ला बार्बाडोसच्या राजधानीत, ब्रिजटाऊनच्या केन्सिंग्टन ओव्हलवर भारत ७ धावांनी जिंकला. दक्षिण आफ्रिकेच्या मिलरचा तो झेल सूर्याने सीमारेषेवर घेतला, तेव्हा शेजारच्या काकूंनी माझा दंड इतका आवळला की सकाळी तिथे निळा डाग होता.

रविवारी ठरल्याप्रमाणे बेटाचे किनारे पाहायचे होते. नाश्त्याच्या आधीच हॉटेलच्या रिसेप्शनवर कागद लागला: बेरिल चक्रीवादळ सोमवारी पहाटे बेटाच्या दक्षिणेकडून जाणार, विमानतळ संध्याकाळी बंद. आमचं परतीचं विमान सोमवारचंच. मी टूर मॅनेजर, म्हणजे असल्या वेळी फोन करणारी आणि शिव्या खाणारी व्यक्ती. एअरलाईनचा फोन लागेना. मुंबई ऑफिस म्हणालं, "लोकांना गुंतवून ठेव."

बसचा ड्रायव्हर साठीचा, जन्माने तिथलाच. मी विचारलं, जायचं का? तो म्हणाला, "आज काही होत नाही. पण दुपारी दोनला मी घरी जाणार. मला खिडक्यांना फळ्या ठोकायच्यात."

बेट लांबीला जेमतेम ३४ किलोमीटर, त्यामुळे अर्ध्या दिवसात दोन्ही बाजू पाहून होतात. आधी पश्चिम किनारा, होलटाऊनच्या बाजूचा. वारा पूर्वेकडून येतो, त्यामुळे ही बाजू आडोशाला, पाणी तळ्यासारखं स्वस्थ. महागडी रिसॉर्टं सगळी इथेच. सॅंडी लेन रिसॉर्टसमोरच्या वाळूत उतरताना एका काकांनी हळूच विचारलं, "अगं, इथे तिकीट किती?" तिकीट नाही. बार्बाडोसमध्ये किनारे सगळ्यांसाठी खुले, हॉटेल कितीही मोठं असो. काकांना हे इतकं आवडलं की त्यांनी मुद्दाम तिथेच बसून संत्रं सोललं.

झाडांवर मात्र मला लक्ष ठेवावं लागत होतं. किनाऱ्यावर मँचिनीलची झाडं असतात, बुंध्यावर लाल पट्टा ओढलेला. फळ हिरवं, छोट्या सफरचंदासारखं, आणि जहाल विषारी. चीक अंगाला लागला तर फोड येतात, म्हणून पावसात त्याच्याखाली उभंसुद्धा राहायचं नाही. पुणेकर मंडळी लगेच लाल पट्ट्याबरोबर सेल्फी काढायला धावली.

मग बेट ओलांडून पूर्वेला, बाथशेबाला. इथे अटलांटिक थेट अंगावर येतो. खालून झिजलेले भलेमोठे खडक छत्र्यांसारखे उभे, पलीकडे लाटांचा फेस. सर्फिंगवाल्यांची आवडती जागा, पण साध्या पोहणाऱ्याने उतरू नये. ग्रुपमध्ये शांतता पसरली. "उद्या इथे काय होईल?" कुणीतरी विचारलं. ड्रायव्हर हसला. "इथे रोजच असं असतं. उद्याची काळजी तुमच्या हॉटेलच्या बाजूला करा."

त्याचं म्हणणं असं: वादळ दक्षिणेकडून गेलं की वारा फिरतो, लाटा दक्षिण आणि नैर्ऋत्येकडून येतात. म्हणजे जी बाजू एरवी आडोशाची, तिथेच पाणी घुसणार. आमचं हॉटेल होतं वर्दिंगला, दक्षिण किनाऱ्यावर. हे मी बसच्या माईकवरून सांगितलं नाही.

ब्रिजटाऊनच्या मासेमारी बंदरात गाडी जरा थांबवली. होड्या एकमेकींना खेटून, जाड दोरांनी जखडलेल्या. माणसं वंगणाच्या हातांनी इंजिनं काढून टेम्पोत चढवत होती. १९५५ च्या जॅनेट वादळानंतर थेट २०२१ मध्ये एल्साने बेटाला चक्रीवादळ दाखवलं. मधल्या दोन पिढ्यांनी फक्त गोष्टी ऐकल्या, असं ड्रायव्हर म्हणाला, आणि घड्याळ पाहिलं.

हॉटेलवर आलो तर तिथे काम करणारी पोरं स्विमिंग पूलमध्ये आरामखुर्च्या फेकत होती. एकामागून एक, बुडूक, बुडूक. काकू ओरडल्या, "अरे, वेडे झाले का हे?" वेडे नव्हते. वाऱ्याने उडून काचा फोडण्यापेक्षा खुर्ची पाण्याच्या तळाशी बरी. एकजण शिडी लावून माडांवरचे नारळ उतरवत होता, कारण तेही त्या वाऱ्यात तोफगोळ्यासारखे सुटतात. इतकं शहाणं, बिनबोभाट काम मी बऱ्याच हॉटेलांत पाहिलेलं नाही. त्याच रविवारी रोहितचे समुद्रावर ट्रॉफी घेतलेले फोटो सगळ्यांच्या मोबाईलवर फिरत होते.

सोमवारी आम्ही खोल्यांतच होतो. ड्रायव्हरचं बरोबर निघालं. समोरची वाळू दिसेनाशी झाली, लाटा हॉटेलच्या भिंतीवर आपटत होत्या. वादळाचा मधला भाग ग्रेनाडाच्या करियाकू बेटावर गेला, तिथे फार हानी झाली. बार्बाडोस त्या मानाने वाचलं. पण त्या बंदरातल्या जखडलेल्या होड्या एकमेकींवर आदळून फुटल्या. बेटावर दोनशेच्या आसपास होड्यांचं नुकसान झालं. ज्यांच्या बंगल्यांसमोर आम्ही संत्री खाल्ली, त्यांचं काय झालं ते कुणी विचारलंही नाही.

नंतरचे दिवस माझे फोनवरच गेले. टीम इंडियाही आमच्यासारखीच हॉटेलात अडकली होती. तिला न्यायला खास विमान येतंय हे कळल्यावर संत्रीवाले काका माझ्याकडे आले. "रोहितला निरोप धाड. बोरिवलीची चार माणसं आहेत म्हणावं, जागा करेल." मी त्यांना मायामीमार्गे दोन तिकिटं मिळवून दिली, खिडकीची नव्हती, त्यावरूनही बोलले.