फेअरलेन अपडेट: उजव्या रॉकरला तेल पोचलं! (आणि शेजारी उभ्या बेल एअरबद्दल थोडं)

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितोय पण बातमी चांगली आहे. माझ्या १९५७ च्या फोर्ड फेअरलेन ५०० मध्ये उजव्या बाजूच्या रॉकर शाफ्टला (व्हॉल्व्ह उघडणारे रॉकर ज्यावर बसतात तो दांडा) शेवटी तेल पोचलं. इथे मिशिगनमध्ये अख्खा हिवाळा गॅरेजात या एकाच कामात गेला.

२९२ वाय-ब्लॉकमध्ये (फोर्डचं २९२ घनइंचाचं व्ही-८ इंजिन) रॉकरचं तेल कॅमच्या, म्हणजे व्हॉल्व्ह चालवणाऱ्या दांड्याच्या, मधल्या बेअरिंगमधून निघतं, ब्लॉकमधून हेडमध्ये चढतं आणि मग शाफ्टमध्ये शिरतं, वाट लांब आणि बारीक, त्यात गाडी कित्येक वर्षं नुसती उभी होती त्यामुळे जुन्या ऑइलचा गाळ अगदी दगडासारखा बसलेला. पुष्कळ जण बाहेरून वेगळी नळी टाकतात, मला मूळ वाटच मोकळी करायची होती. हेड उतरवलं, शाफ्ट खोलला, एकेक भोक तारेने साफ केलं. परवा डिस्ट्रिब्युटर काढून ड्रिलने ऑइल पंप फिरवला, क्रँक हाताने थोडा थोडा पुढे सरकवत, आधी डावीकडे तेल आलं, मग बऱ्याच वेळाने उजवीकडे पाझरायला लागलं. ड्रिल बंद करायचं सुचेचना!

गॅरेजच्या दुसऱ्या अर्ध्या भागात मित्राची १९५७ चीच शेवरोले बेल एअर आहे, २८३ इंजिन. तिथे प्रत्येक रॉकर आपापल्या स्टडवर, तेल पोकळ पुशरॉडमधून (रॉकरला ढकलणारी काठी) वर येतं, लिफ्टर हायड्रॉलिक, म्हणजे व्हॉल्व्हची फट आपोआप जुळते. तिचं वरचं सगळं काम एका दुपारीत झालं. इंजिनापुरतं विचाराल तर माझं मत बेल एअरला, यात वादच नाही. आणि डाव्या फिनच्या (मागचा पंखासारखा भाग) क्रोमपट्टीमागे लपवलेलं पेट्रोलचं झाकण, काय सुंदर काम आहे ते!

पण बॉडी बघा. बेल एअरची मूळ बॉडी १९५५ ची, १९५७ ला दुसऱ्यांदा नव्याने सजवलेली. फोर्ड पूर्ण नवीन होती, व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) ११८ इंच (शेवरोलेचा ११५), चॅसीच्या पट्ट्या बाहेर सरकवून फ्लोअर खाली घेतलेलं म्हणून गाडी एवढी लांब आणि बुटकी दिसते, बॉनेटसुद्धा पुढच्या बिजागरीवर उघडतं. १९५७ च्या मॉडेलमध्ये फोर्डच जास्त खपल्या, साधारण १६.७ लाख, शेवरोले १५ लाख. आज शोला जावं तर बेल एअरची रांग आणि फेअरलेन एखादीच, याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण बाजूने बघितली की त्या वर्षीची सगळ्यात देखणी रेषा फेअरलेनचीच आहे.

व्हॉल्व्हची फट सध्या ०.०१९ इंचावर लावलीय, इंजिन गरम झालं की परत तपासायची. त्यानंतर ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा, इथल्या रस्त्यांवरच्या मिठाने पार खाल्लाय, कापून नवीन वेल्ड करायचाय. पत्रा आणून ठेवलाय.